कूलरची चप्पल

सेलू रस्त्यावरच्या एका लेआउटमध्ये चौदा घरं बांधणाऱ्या ठेकेदारानं बारा कुटुंबांना फसवलं. त्यांच्या भिंतींत तीन वायरींऐवजी दोनच टाकल्या आणि तिसरीचे तुकडे दाखवले. त्या बारा घरांच्या टेस्ट रिपोर्टवर सही माझी आहे. ठेकेदारानं मलाही फसवलं, असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होतो. ते खोटं नाही. पण तेवढंच सांगून थांबलो तर तीही फसवणूकच होईल.

ठेकेदाराचं नाव मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं. संपादकांनी ते काढायला लावलं. मी भांडलो, पण दिवाळी अंक त्यांचा आहे. म्हणून इथं त्याला नुसतं ठेकेदार म्हणतो. माझं नाव मात्र काढू नका, असं मी त्यांना लिहून दिलं आहे.

मी ताकसांडे. धंद्यानं वायरमन. वडील वीटभट्टीवर होते. आमच्या घरात वीज आली तेव्हा मी दहावी नापास होऊन बसलो होतो, आणि घरातला पहिला बल्ब मीच लावला. वर्ध्यातल्या एका दुकानात दोन वर्षं मी फक्त छिन्नी-हातोडीनं भिंतीत खाचा पाडल्या. वायरीला हात लावू देत नव्हते. पुढं परीक्षा दिली, परवाना काढला, आणि टेस्ट रिपोर्टवर सही करण्यापर्यंत पोहोचलो. नवीन घराला मीटर लागण्याआधी कुणीतरी परवानाधारक माणसानं लिहून द्यावं लागतं की हे वायरिंग मी तपासलं आहे आणि ते सुरक्षित आहे. तो कागद म्हणजे टेस्ट रिपोर्ट. माझी सही असली की वीज ऑफिसात कुणी दुसऱ्यांदा वाचत नसे. बाजारात माझ्याबद्दल दोनच गोष्टी सांगत: ताकसांडेचं काम पक्कं आणि तोंड फाटकं. दोन्हींचा मला अभिमान होता.

हे सगळं ज्या जागेत घडलं ती जागा आधी समजावून सांगतो. जमीन आणि भिंत जिथं मिळतात तिथं चार बोटं उंचीची फरशीची पट्टी लावतात. तिला सगळे स्कर्टिंग म्हणतात. झाडू-पोछ्यानं भिंत खराब होऊ नये, एवढंच तिचं काम. पण घर बांधून झाल्यावर माणसांना नवा पॉइंट हवा असतो. टीव्ही दुसऱ्या भिंतीला जातो, कूलर मागच्या खिडकीत जातो. रंग दिलेली भिंत कुणालाच फोडायची नसते. मग वायर स्कर्टिंगच्या काठानं नेतात. दिसायला छान, पायात येत नाही, पाहुण्यांना कळत नाही.

माझी त्याला ना नाही. आयुष्यात मैलभर तरी वायर मी अशी लपवली असेल. पण लपवायची कशी, याचे काही नियम आहेत. आमच्याकडे फरशी नुसती पुसत नाहीत, सणावाराला बादल्या ओतून धुतात. म्हणून मी घरातल्या बाईला आधी विचारतो, पाणी भिंतीवर कुठवर चढतं? ती हातानं दाखवते, तिथं मी पेन्सिलीनं रेघ मारतो. प्लास्टिकची पट्टी त्या रेघेच्या वर, स्कर्टिंगच्या माथ्यावर बसते. खाली कधीच नाही. वायर आडवी जाईल किंवा उभी जाईल, तिरपी नाही, म्हणजे उद्या कुणी खिळा ठोकला तर त्याला अंदाज असतो. कोपऱ्यात झाकणाची डबी. आणि वायरीचा जोड कधीही लपवायचा नाही. जोड असेल तर तो डबीत, झाकण उघडता येईल असा.

या जोडावरून सेलूकडच्या एका शेतकऱ्याशी माझं मोठं भांडण झालं होतं. खाऊन-पिऊन सुखी माणूस. वेचणीचा कापूस तो पुढच्या खोलीत भरून ठेवायचा, मनासारखा भाव येईपर्यंत, पार छताला टेकेल इतका. त्याच खोलीतून त्याला मागच्या खोलीकडे वायर न्यायची होती. वायर पुरत नव्हती, जोड द्यावा लागणार होता, आणि तो त्याला स्कर्टिंगमागं दडवून हवा होता. मी म्हटलं, जोड वर घेतो, कापसाच्या वर, डबीत. त्याला डबी दिसायला नको होती. त्यानं मला विचारलं, "कापूस माहा, घर माहं, तुले काऊन काळजी?" मी म्हटलं, "माचीसबी तुमचीच असन. काढा, आत्ताच लावून देतो." शेवटी डबी वर बसली. दुसऱ्या वर्षी त्यानं मला मुद्दाम बोलावून ती दाखवली. जावयानं त्या वायरीवर पाणी तापवायचं हीटर लावलं होतं, जोड तापून झाकण अर्धं वितळलं होतं. खाली कापूस तसाच होता. मी निघताना त्यानं माझ्या स्कूटरला तुरीच्या डाळीची पिशवी अडकवली. ही गोष्ट मी पुढं वीस वर्षं सांगत फिरलो. जो माणूस स्वतःची एवढी चांगली गोष्ट सांगत फिरतो, त्याला पुढचं दिसत नाही.

शेवटचा नियम असा की वायरी तीन हव्यात. एकीनं वीज येते, दुसरीनं परत जाते, तिसरी हिरवी. ती रोज काहीच करत नाही. तिचं दुसरं टोक घराबाहेर खड्ड्यात, मातीत गाडलेलं असतं. कूलरच्या पत्र्यात, फ्रीजच्या दारात चुकून वीज उतरली, तर ती माणसाच्या अंगातून न जाता या हिरव्या वायरीनं मातीत जावी आणि मेन पडून वीज बंद व्हावी, यासाठी ती असते. यालाच अर्थिंग म्हणतात. जिच्याशिवाय बल्ब पेटतो, पंखा फिरतो, टीव्ही लागतो, ती वायर ठेकेदाराला फुकटची वाटते.

आता त्या लेआउटचं. चौदा घरांचं वायरिंग आधी ठेकेदार मलाच देणार होता. माझा भाव ऐकून त्यानं ते बाहेरच्या स्वस्त माणसांना दिलं. भिंती अर्ध्या विटेच्या होत्या, आडव्या खाचा पाडल्या असत्या तर त्या हलल्या असत्या, म्हणून वायरी स्कर्टिंगच्या फरशीमागून नेल्या होत्या. त्यात चूक काही नाही, पाईप टाकला असता तर. काम संपल्यावर ठेकेदार सहीसाठी माझ्याकडे आला. मी नाराज होतोच. म्हटलं, सही हवी तर दर घरामागं वेगळे पैसे. आयुष्यभर मी भाव केला आहे. बाजारात वांगीसुद्धा पहिल्या भावाला घेतली नाहीत. आणि हा माणूस लगेच हो म्हणाला. घासाघीस नाही, कपाळाला आठी नाही. मी खूश होऊन घरी गेलो. ज्याला सौद्यातलं कळतं म्हणतात त्याला एवढं कळायला हवं होतं, की भांडत नाही त्या माणसाला दुसरीकडे काहीतरी आधीच मिळालेलं असतं.

तपासायला गेलो. अर्थिंग तपासायची सोपी रीत आहे. बल्बच्या होल्डरला दोन वायरी जोडायच्या. एक टोक सॉकेटच्या वीज येणाऱ्या भोकात, दुसरं वरच्या मोठ्या भोकात, जे हिरव्या वायरीचं असतं. बल्ब लख्ख पेटला तर हिरवी वायर मातीपर्यंत पोहोचली. नाही पेटला, तर ती पोहोचलीच नाही. पहिल्या घरात बल्ब पेटला. दुसऱ्यात पेटला. तिसऱ्यात वीजच नव्हती. ठेकेदार म्हणाला, बांधकामाच्या कनेक्शनवरून दोनच घरांत लाईन दिली आहे, बाकीकडे फरशी घासणं चालू आहे, सगळा चिखल आहे, कोणी शॉक लागून मरेल. काळजीनं बोलत होता. आलूबोंडे मागवले होते त्यानं.

बॅटरीवर चालणारं मीटर माझ्या बॅगेत होतं. त्याला घरात वीज असायची गरज नव्हती. पण ते काढून बारा घरांतल्या एकेका सॉकेटसमोर चिखलात बसायचं म्हणजे पूर्ण दिवस गेला असता. मी प्रत्येक घरातले दोन-तीन बोर्ड उघडले. प्रत्येकात हिरवी वायर स्क्रूखाली नीट कसलेली. मेन बोर्डात हिरव्या वायरींची जुडी, तीही कसलेली, खड्ड्यापर्यंत जोडलेली. दोन्ही टोकं डोळ्यांनी पाहिली. मधलं मी मनानं जोडलं आणि चौदा कागदांवर सही केली.

त्यातल्या नऊ नंबरच्या घरात मून आडनावाच्या सिस्टर राहायला आल्या. दवाखान्यात नर्स होत्या, आयुष्य वॉर्डात गेलेलं, आता रिटायर. त्यांचे मिस्टर हायस्कुलात गणित शिकवायचे. सगळे त्यांना सर म्हणत. सरांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता आणि ते अॅल्युमिनियमचा वॉकर धरून चालायचे. यंदा होळीच्या आधी सिस्टरनी मला बोलावलं. समोरच्या खोलीतला कूलर त्यांना सरांच्या खोलीतल्या खिडकीत हवा होता. वायर जमिनीवरून नेली तर सरांचा वॉकर अडकेल. ती लपवून द्या, एवढंच काम.

मी पाण्याची रेघ विचारली, पट्टी मारली, कोपऱ्यात डबी बसवली. माझ्या पट्टीतून तीन वायरी नेल्या. समोरच्या खोलीतला बोर्ड उघडून लाल लालला, काळी काळीला, हिरवी हिरवीला जोडली. जुन्या खिडकीखाली एक रबरी चप्पल ठेवलेली होती. निळी, स्वच्छ, घरात कुणी घालत नसावं अशी. मी विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, "ते कूलरची चप्पल हाय, भाऊ. पानी भरताना घालाव लागते. नाई तं झिनझिन करते थोडं."

आमच्या भागात हे वाक्य कुणालाही नवीन नाही. कूलर थोडा मारतो, असं लोक गाय थोडी मारकी आहे म्हणावं तसं म्हणतात. पत्रा आहे, पाणी आहे, मारणारच. म्हणून पाणी भरताना चप्पल घालायची, पत्र्याला तळहात नाही, बोटांची मागची बाजू लावून पाहायची. लेकरांना लांब ठेवायचं. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कुणीतरी गेल्याची बातमी येते आणि दुसऱ्या दिवशी घराघरांत कूलर भरले जातात, चप्पल घालून. मीही हसलो. म्हटलं, सिस्टर, पंप जुना झाला असेल, बदलून घ्या. कूलर तेव्हा अजून गच्चीवर होता. टेस्टचा बल्ब बॅगेत होता. बॅग माझ्या पायाशी होती. अर्थिंग पाहायची गरज मला वाटली नाही, कारण त्या घराच्या रिपोर्टवर सही माझी होती. दुसऱ्या कुणाची असती तर मी नक्की तपासलं असतं. दुसऱ्याच्या सहीवर मी कधीच विश्वास ठेवला नाही.

मे महिन्यात घडलं. सकाळी कामवाल्या बाईनं सरांच्या खोलीची फरशी धुतली होती. कूलरमधलं पाणी पाहणं हे सरांनी स्वतःकडे ठेवलेलं एकमेव काम. अनवाणी, ओल्या फरशीवरून, वॉकर टेकत ते खिडकीपाशी गेले आणि आधाराला म्हणून कूलरच्या पत्र्यावर हात ठेवला. पंप त्या दिवशी पुरता गेला होता. मेन पडलं नाही. पडायला वीज मातीत जायला हवी होती, आणि तिला रस्ता फक्त सरांच्या अंगातून होता.

सिस्टर स्वयंपाकघरातून धावत आल्या. दुसरं कुणी असतं तर आधी नवऱ्याला धरलं असतं. त्यांनी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग हात लावला. सर वाचले. पण पडताना खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तरी ते परत उभे राहिले नाहीत. पलंगावर आहेत. बोलणं अर्धांगवायूनंतर कमी झालं होतं, आता आणखी कमी झालं आहे.

चौथ्या दिवशी मी गेलो. पंपाचा दोष आहे हे सांगायची सगळी तयारी करून गेलो होतो. सिस्टर ओरडल्या असत्या तर मीही ओरडलो असतो, ते मला जमतं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मले चप्पल होती, भाऊ. त्यायले कोठं होती?"

मी उठलो आणि बॅगेतून बल्ब काढला. माझ्याच नव्या सॉकेटला लावला. पेटला नाही. समोरच्या खोलीतल्या जुन्या बोर्डाला लावला. नाही. मेन बंद केलं, बोर्ड उघडला, हिरव्या वायरीचा स्क्रू सैल केला आणि वायर ओढली. ती अडलीच नाही. वीतभर तुकडा, दुसरं टोक कापलेलं, माझ्या हातात आला. तसाच तो बोर्डात खोचून ठेवला होता. मग सिस्टरना विचारून स्कर्टिंगची एक फरशी फोडली. पाईप नव्हता. सिमेंटच्या मसाल्यात उघड्या गाडलेल्या दोनच वायरी होत्या, लाल आणि काळी.

सर पलंगावरून पाहत होते. त्यांनी मला बोटांनी खूण केली. दोन बोटं दाखवली, मग तीन. मी मान हलवली, हो सर, तीन पाहिजे होत्या. त्यांनी हात खाली ठेवला. त्या माणसानं मुलांना बेरीज शिकवली होती.

मी तिथून शेजारच्या घरी गेलो. दारात उभं राहून अर्थिंग विचारलं असतं तर कुणालाच कळलं नसतं. मी विचारलं, कूलर भरताना कोणती चप्पल घालता? घरातली बाई आश्चर्यानं म्हणाली, "लाल पट्ट्याची. तुमाले कसं मालूम?" आणि खिडकीखाली बोट दाखवलं. पुढच्या घरी पुन्हा तेच. एका घरात चपलांचे दोन जोड होते. तिथली सून म्हणाली, "सासूबाईची वेगळी अन् माही वेगळी. त्याईच्या चपलेत पाय घातला तं कूलरपेक्षा त्याच जास्त करंट मारते." घरातले सगळे हसले. मलाही हसावं लागलं. तिसऱ्या घरापासून चौदाव्या घरापर्यंत प्रत्येक कूलरपाशी चप्पल होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. ज्याच्या त्याच्या घरात ज्यानं त्यानं आपापली चप्पल ठेवली होती आणि आपलाच कूलर तसा आहे असं प्रत्येकाला वाटत होतं. पहिल्या दोन घरांत मात्र मी काय विचारतो आहे तेच त्यांना समजलं नाही. तिथं हिरवी वायर खरी होती. ती दोन घरं मला दाखवण्यासाठी होती.

तसाच ठेकेदाराकडे गेलो. तो नव्या लेआउटवर होता, प्लास्टिकचं टेबल टाकून. मी तो वीतभर तुकडा टेबलावर टाकला आणि तोंडाला येईल ते बोललो. माणसं जमली. त्यानं त्यांना कामाला पाठवलं, मला बसवलं, आणि शांतपणे विचारलं, "सही कोनाची हाय, ताकसांडेभाऊ?"

मी म्हटलं, तुझ्या माणसांनी तुकडे खोचले.

"माह्या मानसाईनं खोचले असतीन. मले वायरिंगमधलं का समजते? म्हनून तं तुमाले बोलावलं होतं. तुमी पाहून लिहून देल्लं, सब ठीक हाय. मी त्या कागदावर भरोसा ठेवला. आता सांगा, फसवलं कोनं?"

मग त्यानं आवाज खाली आणला. झालं ते झालं, म्हणाला, सरांच्या घराचं मी परत वायरिंग करून देतो, माझ्या खर्चानं. बाकी तुम्ही गप राहा. मी म्हटलं, बारा घरं. तो म्हणाला, दोन. सरांचं आणि शेजारचं. मी म्हटलं, दहा तरी. तो म्हणाला, तीन. मी उठायचं नाटक केलं, त्यानं हात धरून बसवलं, चारवर आला. मी नऊवर आलो. हे मी खोटं सांगू शकलो असतो, पण खरं हे आहे की त्या दहा मिनिटांत माझा राग उतरला होता. मला सौद्याची चव लागली होती. समोरचा सरकतो आहे, मी त्याला सरकवतो आहे. तो पाचवर आला, मग सहावर. मी आठवर होतो. सातवर पटणार हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. तो म्हणाला, चला, सात. आणि मी विचारलं, "मंग बाकीचे पाच कोनते?"

"तुमीच निवडा ना जी."

मी मनातल्या मनात घरं मोजायला लागलो होतो. कुठं लहान लेकरं आहेत, कुठं म्हातारी आहे, कुठं दोघंच राहतात. तीन नंबरमध्ये दोघंच राहतात, असं मनात आलं, आणि मग माझं मलाच दिसलं की मी काय करतो आहे. मी उठलो. कुणाला मारलं नाही, काही फेकलं नाही. तो हिरवा तुकडा खिशात घातला आणि निघालो. मागून तो म्हणाला, "आठ, चला आठ." माझ्या आयुष्यातला तो एकच सौदा, जो मी वाढत्या बोलीवर सोडला.

दुसऱ्या दिवशी मी संबंधित ऑफिसात तक्रार दिली. त्यात ठेकेदाराचं नाव लिहिलं, बारा घरांचे नंबर लिहिले, आणि घरं न तपासता टेस्ट रिपोर्टवर मी सही केली हेही लिहिलं. टेबलामागचे साहेब वाचून म्हणाले, हे तर तुम्ही स्वतःविरुद्धच दिलं आहे. म्हटलं, दोघांविरुद्ध दिलं आहे, दोघांनाही बोलवा. परवाना जाईल, म्हणाले. जाऊ द्या म्हटलं. मला अजून बोलावलेलं नाही. परवानाही गेलेला नाही. याचा आनंद होईल असं मला वाटलं होतं.

सिस्टरच्या घरात मी हिरवी वायर नव्यानं ओढली. सगळ्या खोल्यांतून, स्कर्टिंगच्या वरून, पांढऱ्या पट्टीतून. मेनपाशी गळती पकडणारं ब्रेकर बसवलं. माणसाच्या अंगातून थोडीशी वीज गेली तरी ते क्षणात वीज तोडतं. हिरवी वायर नसली तरी चालतं ते, आणि प्रत्येक घरात असावं, वाचणाऱ्यांच्याही. जुन्या फरशा न फोडल्यामुळे ती पट्टी खोलीभर दिसते. चुन्याच्या रेघेसारखी भिंतीभोवती फिरते. मी सिस्टरना म्हटलं, रंगाच्या वेळी झाकून देतो. त्या म्हणाल्या, "राहू द्या. दिसू द्या." निळी चप्पल त्यांनी टाकली नाही, अजून तिथंच आहे.

बाकी अकरांपैकी चार घरांनी मला काम करू दिलं. सात अजून तशीच आहेत. एकाला घर विकायचं आहे, तो म्हणतो बोभाटा नको. दोघं म्हणतात, ज्यानं केलं त्यालाच करू दे, आपण कशाला भिंती खराब करायच्या. एकानं मला दारातूनच परत पाठवलं. "ज्यानं न पाहता सही केली, त्याच्याच हातून परत काम करून घेऊ काय?" असं तो म्हणाला. मला राग आला. गल्लीच्या टोकापर्यंत तो टिकला. त्या माणसाचं बरोबर आहे. त्यानं दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावं, पण करून घ्यावं.

हा अंक दिवाळीत तुमच्या हाती येईल. त्या सात घरांतले कूलर आता गच्चीवर, जुन्या साड्यांत गुंडाळून पडले असतील. होळीला ते खाली उतरतील, धुतले जातील, खिडकीत बसतील, आणि खाली चप्पल येईल. मधे चार महिने आहेत. सात घरांना चार महिने पुष्कळ आहेत.

माझ्या हिश्शाचा जबाब मी इथं दिला आहे, सहीसकट. माझा परवाना ज्यांना काढून घ्यायचा आहे त्यांनी घ्यावा. ऑफिसातल्या साहेबांनी माझी तक्रार कुठल्या फायलीत आहे ते सांगावं. आणि ठेकेदारानं, ज्याचं नाव इथं छापता येत नाही पण ज्याला हे वाचताना आपलं नाव आठवेल, त्यानं लेआउटवर यावं. माझ्यासमोर नको. नऊ नंबरमध्ये, सरांच्या पलंगापाशी उभं राहावं आणि तिसरी वायर कुठं आहे ते त्यांना सांगावं. सर फार बोलत नाहीत. पण बोटं अजून दाखवतात.